दीव : एका लहान बेटावरील नगराचा इतिहास व कारभार

इतिहासाचीं पुस्तकें बहुधा राज्यांविषयीं बोलतात, नगरांविषयीं क्वचितच बोलतात. कोणता राजा कोणत्या सालीं गादीवर बसला, कोणती लढाई कोणीं जिंकली, हें आपण पाठ करतों. परंतु त्या राजाच्या अमलाखालील एखाद्या गांवांत रस्त्यावर दिवा कोण लावीत असे, बाजारांतील तराजू खरा कीं खोटा हें कोण पाहत असे, आणि गांवाचा तट पडला असतां तो पुन्हां बांधण्यास पैसा कोठून येत असे, हे प्रश्न आपणांस सहसा सुचत नाहींत. वस्तुतः प्रजेचें रोजचें सुखदुःख याच प्रश्नांवर अधिक अवलंबून असतें. मोठ्या देशांत या गोष्टी नजरेआड होतात. परंतु चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या लहानशा नगरांत त्या ठळकपणें दिसून येतात. म्हणून अशा एका नगराची हकीकत प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. तें नगर म्हणजे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यास लागून असलेलें दीव होय.

'दीव' हा शब्द संस्कृत 'द्वीप' या शब्दाचा अपभ्रंश आहे. हें बेट पूर्वपश्चिम लांबट असून एक अरुंद खाडी त्यास गुजरातच्या भूमीपासून वेगळें करिते. खाडीपलीकडील घोघला हें गांव मुख्य भूमीवर असूनही दीवच्याच कारभारांत मोडतें. हा सर्व मुलूख मिळून क्षेत्रफळ चाळीस चौरस किलोमीटरांच्या आसपास भरतें. बेटाच्या पूर्व टोकास किल्ला व त्यास लागून नगर, पश्चिम टोकास वणाकबारा हें मासेमारीवर जगणारें गांव, आणि मध्यें बुचरवाडा वगैरे खेडीं, अशी एकंदर रचना आहे. नागवा येथील समुद्रकांठीं 'होका' नांवाचीं ताडाच्या जातीचीं झाडें दिसतात. आपल्या ताडास एकच सोट असतो. होक्यास मात्र फांद्या फुटलेल्या असतात. हीं झाडें पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून आणलीं असें सांगतात. इ. स. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें दीव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ५२ हजार व दीव नगराची सुमारें २४ हजार होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढीच ही वस्ती आहे.

एवढ्याशा जागेसाठीं मोठमोठ्या सत्तांनीं रक्त सांडावें, याचें कारण तिच्या स्थानांत आहे. पूर्वीं गुजरातचें कापड, नीळ आणि इतर माल खंबायतच्या आखातांतून बाहेर पडे व तांबड्या समुद्राकडे आणि इराणी आखाताकडे जाई. या मार्गाच्या तोंडाशींच दीव आहे. आखाताच्या भरतीओहोटीचा वेग मोठा असल्यामुळें मोठ्या गलबतांस खंबायतेपर्यंत जाणें धोक्याचें होई. तीं दीवच्या निवाऱ्यास थांबत. जो दीवचा धनी तो या व्यापाराचा द्वारपाल, अशी स्थिति होती. पारशी लोकांच्या परंपरेंतही या बेटास स्थान आहे. इराण सोडून निघालेले त्यांचे पूर्वज संजाण येथें येण्यापूर्वीं एकोणीस वर्षें दीव येथें राहिले होते, असें 'किस्सा-इ-संजान' या ग्रंथांत सांगितलें आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस दीव हें गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यांत होतें. सुलतान महमूद बेगडा यानें तेथील अधिकार मलिक अयाझ यास दिला होता. हा मनुष्य मूळचा परदेशीय गुलाम; परंतु आपल्या कर्तबगारीनें तो मोठ्या पदास चढला. त्यानें बंदराची भरभराट केली, तट बांधला, आणि बंदराच्या मुखाशीं पाण्यांत बुरूज उभारून तेथें सांखळी ओढण्याची सोय केली. इ. स. १५०९ च्या फेब्रुवारींत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा यानें दीवसमोर इजिप्तचा मामलूक सुलतान, गुजरात आणि कालिकतचा सामुरी यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला. या एका दिवसाच्या लढाईनें हिंदी महासागरावरील वर्चस्वाचें पारडें पोर्तुगीजांकडे झुकलें. तथापि प्रत्यक्ष बेट त्यांच्या हातीं आलें नाहीं. मलिक अयाझ युक्तीनें वागून त्यांना दूर ठेवीत राहिला.

जें बळानें मिळालें नाहीं तें पुढें एका राजाच्या अडचणीमुळें मिळालें. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याच्यावर मोंगल बादशहा हुमायून याचें संकट ओढवलें. तेव्हां पोर्तुगीजांचें साह्य मिळविण्याकरितां त्यानें इ. स. १५३४ सालीं वसई व तिच्या आसमंतांतील मुंबईचीं बेटें त्यांना देऊन टाकलीं, आणि १५३५ सालीं दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी दिली. एका अर्थीं मुंबई आणि दीव या दोन्ही ठिकाणांचें भवितव्य एकाच राजाच्या एकाच अडचणींतून ठरलें असें म्हणावयास हरकत नाहीं. या देवघेवींत दोन्ही ठिकाणच्या रहिवाशांस कोणी विचारलें नाहीं, हें निराळें सांगावयास नकोच. संकट टळल्यावर सुलतानास आपल्या कृतीचा पश्चात्ताप झाला. परंतु १५३७ सालीं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या जहाजावर भेटीस जाऊन परत येत असतां दीवच्या समुद्रांतच झालेल्या झटापटींत तो मारला गेला.

यानंतर दीवच्या किल्ल्यास दोन मोठे वेढे पडले. पहिल्या वेढ्यांत, इ. स. १५३८ सालीं, गुजरातच्या फौजेस तुर्की सेनापति सुलेमान पाशा याचें आरमार येऊन मिळालें. किल्लेदार अंतोनियो द सिल्वेरा यानें मूठभर शिबंदीनिशीं तो लढविला व अखेर तुर्कांचें आरमार परत गेलें. दुसरा वेढा १५४६ सालीं पडला. गुजरातचा सरदार खोजा सफर यानें तो घातला व त्यांतच तो तोफेच्या गोळ्यानें मरण पावला. भिंतीखालीं सुरुंग उडवून बुरूज पाडण्यांत आले. अखेर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गोव्याहून गव्हर्नर जुवांव द कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला व त्यानें वेढा उठविला. परंतु जय मिळाला तेव्हां किल्ल्याच्या नांवानें दगडमातीचे ढीग उरले होते, आणि खजिना रिकामा होता.

या प्रसंगीं जें घडलें तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें लढाईपेक्षां अधिक महत्त्वाचें आहे. किल्ला पुन्हां बांधण्यास पैसा हवा होता. कास्त्रो यानें तो राजाकडे मागितला नाहीं. लिस्बनहून उत्तर येण्यास वर्ष दीड वर्ष लागलें असतें. त्यानें गोवें शहराच्या नगरसभेस पत्र लिहिलें आणि कर्ज मागितलें. तारण म्हणून देण्याजोगें सोनेंनाणें त्याच्यापाशीं नव्हतें. याच वेढ्यांत सुरुंगाच्या स्फोटानें त्याचा मुलगा फर्नांदो मारला गेला होता. मुलाच्या अस्थि तारण म्हणून पाठवाव्या असें त्याच्या मनांत आलें. परंतु तेंही शक्य नव्हतें. तेव्हां त्यानें आपल्या दाढीचे केंस पत्राबरोबर पाठविले. नगरसभेनें पैसा दिला. गोव्याच्या स्त्रियांनीं आपले दागिनेही पुढें केले, आणि गव्हर्नरानें तें ऋण पुढें फेडलें, अशी हकीकत परंपरेनें सांगतात.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं एका शूर पुरुषाच्या प्रामाणिकपणाचें उदाहरण म्हणून सांगण्यांत येते, व तें योग्यच आहे. परंतु तिच्या दुसऱ्या बाजूकडेही आपण पाहिलें पाहिजे. पैसा देणारी ती नगरसभा कोण होती? पोर्तुगीज लोक अशा संस्थेस 'कामारा' म्हणत. सोळाव्या शतकाच्या प्रारंभीं गोवें जिंकल्यावर लिस्बन शहराच्या धर्तीवर तेथें ही संस्था स्थापण्यांत आली. नगरांतील प्रतिष्ठित गृहस्थांनीं तींत बसावें. बाजारभाव, वजनेंमापें, रस्ते, स्वच्छता व तटबंदी यांची देखरेख करावी. कर गोळा करावे. आणि वेळ पडल्यास खुद्द राजास अर्जही करावा, अशी तिची योजना होती. सैन्याचा अधिपति जो गव्हर्नर, त्यास या सभेकडे हुकूम पाठवितां आला नाहीं. विनंति पाठवावी लागली. स्थानिक स्वराज्याचें बीज यांतच आहे. ज्याच्यापाशीं आपला स्वतःचा पैसा व तो खर्च करण्याचा स्वतःचा अधिकार असतो, त्याच्याशीं बलवानासही सभ्यपणें बोलावें लागतें.

अर्थात् या चित्रास काळी बाजूही होती. त्या काळीं नगरसभेंत बसण्याचा हक्क पोर्तुगीज वसाहतवाल्या गृहस्थांपुरता मर्यादित होता. तिनें दिलेला पैसा ज्या व्यापारावरील करांतून येत होता, तो व्यापार मुख्यतः येथल्या लोकांच्या हातचा होता. परंतु त्या लोकांस सभेंत स्थान नव्हतें. नगराचा भार जे वाहतात त्यांस नगराच्या कारभारांत मत नसावें, हा अन्याय पुढें कित्येक पिढ्या चालू राहिला.

ज्यांस सरकारी सभेंत स्थान नव्हतें त्यांनीं आपल्या जुन्या संस्था मात्र सोडल्या नाहींत. दीवचे वाणी व्यापारी आपल्या महाजनांच्या द्वारें आपसांतील तंटे मिटवीत व व्यापाराचे नियम ठरवीत. इ. स. १६८६ सालीं पोर्तुगीज सरकारनें दीव व पूर्व आफ्रिकेंतील मोझांबीक यांमधील व्यापाराचा मक्ता या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीस दिला. पोर्तुगीज कागदपत्रांत तिला 'माझानेस' यांची कंपनी म्हटलें आहे, आणि हा शब्द आपल्या 'महाजन' या शब्दाचेंच रूप आहे. दीव व गुजरातमधील जंबुसर येथें विणलेलें कापड ही मंडळी मोझांबीकला पाठवी व तेथून हस्तिदंत आणी. या व्यापारांत आफ्रिकन माणसांचीही गुलाम म्हणून खरेदीविक्री होत असे, ही लाजिरवाणी गोष्ट लपवून चालणार नाहीं. ही मक्तेदारी १७७७ सालीं रद्द करण्यांत आली. परकी अमलाखालींही नगराचें अर्थकारण या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनीं चालावें असे हे दिवस होते. किल्ल्यावरील निशाण पोर्तुगालचें, परंतु बंदरांतील हिशेबाच्या वह्या गुजरातींत.

तरी दीवचें वैभव ओसरत चाललें होतें. इ. स. १६६८ सालीं ओमानच्या अरबांनीं नगरावर हल्ला करून तें लुटलें. सुरत व पुढें मुंबई हीं बंदरें पुढें आलीं व गुजरातचा माल तिकडे वळला. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालीं मराठ्यांनीं वसई घेतली आणि उत्तरेकडील पोर्तुगीज प्रांत संपुष्टांत आला. गोवें, दमण व दीव एवढेच तुकडे त्यांच्याकडे राहिले. वसई होती तोंवर दीव हें एका सलग किनारपट्टीचें टोंक होतें. आतां तें एकाकी ठाणें झालें. गव्हर्नर, नगरसभा, जकातघर हीं सर्व राहिलीं. ज्यासाठीं तीं निर्माण झालीं होतीं तो व्यापार मात्र राहिला नाहीं. प्रशस्त किल्ला, दगडी चर्चें, नगरकोटाचा 'झांपा' दरवाजा, समुद्रांतील जहाजाच्या आकाराचा पाणीकोठा, हीं आज प्रवाशांचें मन वेधतात; त्या मोठ्या दिवसांचींच तीं अवशेषरूपें होत. इ. स. १६०० नंतरच्या दशकांत बांधलेलें सेंट पॉलचें चर्च त्यांत विशेष प्रेक्षणीय आहे.

भारत १९४७ सालीं स्वतंत्र झाला, परंतु दीव पोर्तुगीज अमलाखालींच राहिलें. १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्यानें गोवें, दमण व दीव या तिन्ही ठिकाणीं एकाच वेळीं कारवाई केली. दीव येथें खाडी ओलांडतांना प्रतिकार झाला व दोन्ही पक्षांचे लोक पडले. १९ डिसेंबर रोजीं सवाचारशें वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपला. १९६२ सालीं घटनेची बारावी दुरुस्ती होऊन गोवें, दमण व दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ पासून या प्रदेशास तीस जागांची विधानसभा मिळाली. त्यांत अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची व एक दीवची होती. १९६७ च्या जानेवारींत जनमत घेण्यांत आलें. गोव्यापुढें महाराष्ट्रांत विलीन होण्याचा प्रश्न होता, व दमण आणि दीव यांच्यापुढें गुजरातमध्यें विलीन होण्याचा. बहुमतानें वेगळें राहण्याचा कौल मिळाला. दीवच्या इतिहासांत राज्याचा प्रश्न प्रत्यक्ष रहिवाशांपुढें मांडला गेला असा हा पहिलाच प्रसंग होय.

३० मे १९८७ रोजीं गोवें घटकराज्य झालें. दमण व दीव यांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश करण्यांत आला; परंतु त्यास विधानसभा देण्यांत आली नाहीं. पणजीच्या सभागृहांत दीवचा जो एक प्रतिनिधि बसत असे, तो गेला. २६ जानेवारी २०२० रोजीं दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन प्रदेश एक करण्यांत आले. यामुळें कारभार सुटसुटीत होईल व खर्च वांचेल असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें. नव्या प्रदेशासही विधानसभा नाहीं. राष्ट्रपतींनीं नेमलेला प्रशासक त्याचा कारभार पाहतो. दीव येथें जिल्हाधिकारी असतो. आणि वरिष्ठ न्यायालय म्हणून मुंबईच्या हायकोर्टाचा अधिकार चालतो. दमण व दीव हीं खंबायतच्या आखाताच्या दोन बाजूंस आहेत. रस्त्यानें जावयाचें तर सबंध आखातास वळसा घालून सहाशें किलोमीटरांहून अधिक प्रवास पडतो.

आतां दीवच्या नागरिकाच्या हातांत काय उरतें तें पाहूं. लोकसभेसाठीं तो एक मत देतो. तें दमणच्या मतदारांबरोबर मिळून एकाच खासदारासाठीं असतें. त्याचें दुसरें मत स्थानिक संस्थेसाठीं असतें. नगरांत राहणारानें तें नगरपरिषदेसाठीं द्यावयाचें, व खेड्यांत राहणारानें ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत यांसाठीं द्यावयाचें. मधली पायरी, म्हणजे राज्याचें कायदेमंडळ, येथें नाहींच. म्हणून मुंबई किंवा पुणें येथील नागरिकास म्युनिसिपालिटी ही अनेक संस्थांपैकीं एक वाटत असली, तरी दीवच्या नागरिकास ती आपल्या प्रदेशांतील, आपणच निवडलेली, आपल्या दारापाशींची संस्था आहे.

नगरपरिषदेच्या कारभाराचा पाया १९६८ सालच्या गोवें, दमण व दीव म्युनिसिपालिटी कायद्यानें घातला गेला. पुढें १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें देशांतील सर्व नगरसंस्थांना घटनेचा आधार मिळाला. पांच वर्षांची मुदत, मुदतींत निवडणूक, अनुसूचित जातिजमातींसाठीं राखीव जागा, आणि निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं, हे नियम त्यामुळें बंधनकारक झाले. ज्या सभेंत एकेकाळीं येथील व्यापाऱ्यासही स्थान नव्हतें, तिच्या जागीं आतां कोळ्याची मुलगीही कायद्यानें बसूं शकते, हा फरक लहान नव्हे. दीवच्या परिषदेंत तेरा जागा आहेत. रस्ते, गटारें, सफाई, दिवे, बाजार, जन्ममृत्यूची नोंद, बांधकामास परवानगी हीं अशा परिषदेचीं नित्याचीं कामें होत. घरपट्टी व इतर करांतून कांहीं पैसा येतो. उरलेल्यासाठीं वरच्या सरकारच्या अनुदानाकडे पाहावें लागतें.

बेटावर या साध्या कामांनाही निराळें वजन येतें. कचरा टाकण्यास दुसऱ्या गांवची वेस नसते; जो टाकला तो आपल्याच समुद्रांत येतो. जमीन वाढत नाहीं, घरें मात्र वाढतात, आणि किनाऱ्यावरील बांधकामास १९९१ पासून केंद्राच्या किनारा नियमांचें बंधन आहे. गुजरातेंत दारूबंदी असल्यामुळें तेथील पुष्कळ लोक दीव येथें येतात तें केवळ समुद्र पाहण्यास नव्हे, ही उघड गोष्ट आहे. या येण्याजाण्यानें हॉटेलांना व सरकारी तिजोरीला उत्पन्न मिळतें. परंतु त्याबरोबर येणारी अस्वच्छता व अशांतता स्थानिक रहिवाशांच्या वांट्याला येते. उत्पन्न कोणास व उपद्रव कोणास, याचा न्याय्य हिशेब मांडणें हें नगरपित्यांचें कठीण काम आहे. उलट पक्षीं एक चांगली गोष्टही नमूद केली पाहिजे. सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करण्यांत दीवनें मोठी प्रगति केली असून दिवसा लागणारी सर्व वीज त्या मार्गानें मिळूं लागल्याचें सरकारनें जाहीर केलें आहे.

आणखी एक अडचण विशेष प्रकारची आहे. १९६१ पूर्वीं दीव येथें जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणें तेथील नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग मोकळा आहे. त्यामुळें पुष्कळ कुटुंबें पोर्तुगालला व तेथून इंग्लंडांत लेस्टरसारख्या शहरीं गेलीं आहेत. घरीं पैसा येतो, नवीं घरें उठतात. परंतु सभेस येऊन प्रश्न विचारणारा तरुण मात्र परदेशीं असतो. २०२२ च्या जुलैंत झालेल्या नगरपरिषदेच्या निवडणुकींत तेरांपैकीं सहा जागांवर उमेदवार बिनविरोध निवडून आले व मतदान सात जागांपुरतेंच झालें. तेथें बिनविरोध निवडणुकीचीं कारणें कोणतींही असोत. एवढें खरें कीं, ज्या प्रभागांत दुसरा उमेदवार नाहीं तेथें मतदारास आपलें मत वापरतां येत नाहीं. मत थोडीं असतात तेव्हां प्रत्येकाची किंमत वाढलेली असते, आणि तें न वापरल्याचा तोटाही वाढलेला असतो.

विद्यार्थीमित्रहो, या लहानशा बेटाच्या इतिहासापासून एक बोध सहज घेण्यासारखा आहे. दीव कोणाचें, हा प्रश्न १५३५, १९८७ व २०२० या सालीं दूरच्या राजधान्यांतून सुटला. रहिवाशांना त्यांत बोलण्यास वाव फार थोडा मिळाला. परंतु दीव कसें असावें, स्वच्छ कीं घाण, न्यायी कीं पक्षपाती, हा प्रश्न रोजच्या रोज तेथील लोकच सोडवीत आले आहेत. कधीं महाजनांच्या बैठकींत, कधीं नगरपरिषदेंत. नगरसभेपाशीं विश्वासाची पुंजी असली म्हणजे गव्हर्नरही तिच्यापाशीं आपल्या दाढीचे केंस गहाण ठेवतो. ती पुंजी नसली म्हणजे तटबंदी कितीही भक्कम असली तरी नगर पोरकें होतें. आपल्यापैकीं बहुतेकांना पुढें राज्य चालवावयाचें नाहीं. परंतु कोणत्या ना कोणत्या गांवांत राहावयाचें आहे. त्या गांवाची सभा कोण चालवितो, पैसा कोठून येतो व कोठें जातो, हें विचारण्याची संवय शाळेंत असतांनाच लागली, तर नागरिकशास्त्राचा धडा पाठ केल्याचें सार्थक झालें असें समजावें.